डोक्यावरचा हात

त्यानं दाराची मूठ धरून दोनदा स्वतःकडे ओढली आणि मागे वळून म्हणाला, "बंद दिसतंय."

आत दिवे होते. काचेतून टेबलांवरची लाल-पांढऱ्या चौकड्यांची मेणकापडं दिसत होती. खिडकीजवळ बसलेला एक गृहस्थ ब्रेडच्या तुकड्यानं बशी अशी पुसत होता की ती पुन्हा धुवायची गरज पडू नये. हे दार आत ढकलायचं असतं, हे त्याला चांगलं माहीत होतं. दोन वर्षं तो ते ढकलत आला होता. हातात पिशवी असली की खांद्यानं, थंडीत हात खिशात असले की गुडघ्यानं.

बायको पुढे झाली. तिनं काचेला नाक लावून आत पाहिलं आणि एका बोटानं दार ढकललं.

"अहो, दोन वर्षं जेवताय ना इथे?" ती हसून म्हणाली. "आणि दार कुठल्या बाजूला उघडतं ते माहीत नाही!"

तोही हसला. चोराच्या मनात चांदणं असलं की माणूस जसा हसतो, तसा.

तिला या देशात येऊन आठवडा झाला होता. त्या आठवड्यात त्याचं खाणावळ सोडून सगळं दाखवून झालं होतं. नदी, पूल, जुना बाजार, तो काम करायचा ती इमारत, इतकंच काय, पालिकेचं कचरा वर्गीकरणाचं केंद्रसुद्धा. खाणावळीचा विषय निघाला की कधी तिथे गर्दी असायची, कधी ती चालवणाऱ्या म्हातारीचे गुडघे दुखत असायचे, कधी त्याचंच पोट बिघडलेलं असायचं. आज बहाण्यांची पोतडी रिकामी झाली होती. शिवाय बायकोनं सकाळीच बॅगेच्या तळातून कागदात गुंडाळलेली एक चपटी वस्तू काढून पर्समध्ये ठेवली होती, आणि ती कुणासाठी आहे हे विचारायची त्याला गरज नव्हती.

"कुठे बसायचं?" तिनं विचारलं.

"इथे. नको, तू या बाजूला ये. इकडे वारा लागत नाही."

आत वारा कुठून येणार? पण ती ऐकून त्या बाजूला बसली, भिंतीकडे पाठ करून. भिंतीत, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, एक लाकडी फळी होती. त्या फळीकडे तिची पाठ झाल्यावर त्यानं श्वास सोडला. मग लक्षात आलं की आता त्याचं स्वतःचं तोंड तिकडे झालं आहे. एरवी तो नेमका बायको बसली होती त्याच खुर्चीवर बसायचा.

तिला जागा फार आवडली. तिनं मेणकापडावरून हात फिरवला, नळदुरुस्तीच्या दुकानाचं फुकट मिळालेलं कॅलेंडर पाहिलं, मिठाची बाटली उचलून दिव्याकडे धरली.

"अगंबाई! मिठात तांदूळ टाकलेत. ओल धरू नये म्हणून आई टाकते तसेच." बाटली खाली ठेवताना तिचा चेहरा उजळला होता. "माझी आपली तिकडे धाकधूक व्हायची, परक्या देशात तुम्ही कुणाच्या हातचं जेवताय कोण जाणे. ही बाई आपल्यातलीच दिसते."

फोनवर रोज ती विचारायची, "जेवलात का? आज किती वाढलं तुमच्या म्हातारीनं?" आणि तो सांगायचा, "दोन डाव." बाकीच्या गिऱ्हाइकांना सूपचा एक डाव मिळायचा, त्याला दोन. बायको हे सगळ्या नात्यागोत्यात कौतुकानं सांगत फिरायची. तो दातांच्या लॅबमध्ये कामाला होता. मेणात, प्लास्टरमध्ये लोकांच्या कवळ्या घडवायचा. सासऱ्यांचा ठरलेला विनोद होता: जगात दात कोरून कुणाचं पोट भरत नाही, पण आमचे जावई दात करून भरतात. त्यावर बायको म्हणायची, "भरतात कसले, ती इटालियन म्हातारी आहे म्हणून भरतंय."

पण म्हातारी दोन डाव का वाढते, हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

गोष्ट पहिल्या हिवाळ्यातली. तो रोज एकटाच जेवायला येतो हे पाहून म्हातारीनं एकदा विचारलं, "बायको?" या देशाची भाषा दोघांनाही परकी होती. तिची तीस-चाळीस वर्षांच्या वापरानं गुळगुळीत झालेली, त्याची नुकती खाणीतून काढल्यासारखी. बायको घरी आहे, तिच्या व्हिसाचे कागद अडकलेत, मध्येच तिच्या आईचं आजारपण निघालं, हे सगळं सांगायला फार शब्द लागले असते, आणि त्या दिवशी तो दमला होता. त्यानं नुसती मान हलवली, दोन्ही हात पालथे-उताणे केले. म्हातारीनं त्याच्या बोटांकडे पाहिलं. अंगठी नव्हती. आपल्याकडचे पुरुष लग्नाची खूण अंगावर वागवत नाहीत, तो सगळा भार बायकांवर असतो, हे तिला कोण सांगणार? तिनं श्वास आत ओढला आणि एक बोट छताकडे केलं.

'नाही' हा शब्द त्याला येत होता. परक्या भाषेतला तो पहिलाच शब्द माणूस शिकतो. तो म्हणणारही होता. पण तेवढ्यात म्हातारीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. जाड, गरम, लसणीचा आणि साबणाचा वास येणारा हात. इथे आल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. तो दिवसभर प्लास्टरच्या जबड्यांना हात लावायचा, ते त्याला लावत नव्हते. त्यानं मान खाली घातली आणि डोकं त्या हाताखाली राहू दिलं. मग म्हातारी आत गेली आणि सूपचं भांडं घेऊन आली.

उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. पण खोट्याचं असं असतं की पहिल्या दिवशी ते खोडायला एक शब्द पुरतो आणि महिन्यानंतर व्याख्यान द्यावं लागतं.

इथपर्यंत एक वेळ गैरसमज म्हणून खपलं असतं. फोटोचं तसं नव्हतं. पैसे देताना पाकिटातला बायकोचा फोटो म्हातारीला दिसला. व्हिसासाठी काढलेला, पासपोर्टच्या मापाचा. केस चापूनचोपून मागे, दोन्ही कान उघडे, हसायला बंदी. 'हरवलेल्या माणसांच्या जाहिरातीतला वाटतो,' असं बायकोनंच तेव्हा म्हटलं होतं. म्हातारीनं तो दोन्ही हातांनी घेतला. तिच्या वारलेल्या नवऱ्याचा फोटो फळीवर होता, त्याच्यासमोर एक बारका लाल बल्ब रात्रंदिवस जळत असायचा. ही पण तिथे राहू दे, ती म्हणाली. दोघं सोबतीला होतील.

आणि त्यानं राहू दिला. बाकीच्या प्रती पाकिटात होत्याच.

सुरुवातीला फळीकडे बघितलं की त्याचा घास अडकायचा. मग तो पाठ करून बसायला लागला. मग काही दिवसांनी पाठ करायचीही आठवण राहिली नाही, नुसती सवय राहिली. आज बायकोच्या खांद्यावरून तो सरळ बघत होता, तर खाली तिचा हसरा चेहरा होता आणि वर, लाल उजेडात, तिचाच न हसणारा.

म्हातारी स्वयंपाकघरातून ॲप्रनला हात पुसत आली. त्याला पाहून तिचं तोंड फुललं, आणि त्याच्या समोरच्या बाईकडे पाहून ते अर्धवटच राहिलं. तिनं गळ्यातल्या दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला. बायकोकडे पाहिलं. मग मान वर करून फळीकडे. मग पुन्हा बायकोकडे. बायकोचे केस आता खांद्यापर्यंत कापलेले होते, गाल भरले होते, आणि ती तोंडभर हसत होती.

"बहीण?" म्हातारीनं हळूच त्याला विचारलं. "तिची बहीण?"

ही वेळ होती. याहून सरळ, याहून सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. 'बायको' एवढा एकच शब्द म्हणायचा होता, आणि तो जिभेच्या टोकावर आला होता. पण म्हातारीच्या डोळ्यांत एवढी माया होती, आणि खिडकीजवळचा तो गृहस्थही बशी सोडून बघायला लागला होता. आता खरं बोललं तर हे दोन डोळे कसे होतील, हे त्याला डोळ्यांसमोर दिसलं.

"हो," तो म्हणाला. "बहीण."

बायको निघण्याआधी तीन महिने मोबाईलवर ही भाषा शिकत होती. असल्या शिकवण्यांत पहिला धडा नेहमी नात्यांचाच असतो. आई, बाबा, नवरा, बायको, भाऊ, बहीण. पर्सची चेन उघडता उघडता तिचा हात थांबला.

"बहीण?" तिनं मराठीत विचारलं. "कुणाची बहीण?"

"काही नाही गं. तिला ऐकायला कमी येतं."

म्हातारीला सगळं व्यवस्थित ऐकू येत होतं. एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं लावलं होतं, आणि दुसऱ्याला आता हे तिसरं.

बायकोनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग सोडून दिलं. नवऱ्याला परमुलुखात उपाशी न ठेवणारी बाई समोर उभी होती, तिच्यापुढे या शंका काय! ती उठून उभी राहिली, कागदाची गुंडाळी दोन्ही हातांनी पुढे केली आणि पाठ केलेलं वाक्य न अडखळता म्हणाली, "तुमच्यासाठी. मी स्वतः केलं."

क्रोशाचा रुमाल होता. पांढरा, गोल, कडेला जाईच्या फुलांची नक्षी. व्हिसाची वाट बघत काढलेल्या संध्याकाळी त्यात विणलेल्या होत्या. म्हातारीनं तो उलगडला, गालाला लावला, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. एका रुमालासाठी कुणी एवढं रडत नाही. बायको गोंधळून हसली. म्हातारीनं तिचं मनगट धरलं आणि तिला फळीकडे घेऊन गेली.

त्यानं उठायला हवं होतं. 'थांबा' म्हणायला हवं होतं, मराठीत, त्या भाषेत, कुठल्याही भाषेत. त्याचे गुडघे उठले नाहीत. धरणी दुभंगावी वगैरे म्हणतात, पण धरणी आपल्या सोयीनं दुभंगत नाही. ती तशीच घट्ट राहिली, फरशीची, पुसलेली.

त्याला फक्त बायकोची पाठ दिसत होती. म्हातारीनं फळीवरचे दोन्ही फोटो अलगद उचलले, खाली तो रुमाल अंथरला, सुरकुती हातानं सारखी केली आणि फोटो पुन्हा त्यावर मांडले. आधी नवऱ्याचा, मग शेजारी तो छोटा. मग लाल बल्ब थोडा पुढे ओढला, दोन्ही चेहऱ्यांवर उजेड पडावा म्हणून.

लाल बल्बासमोरचा फोटो म्हणजे काय, हे बायकोला कुठल्याही भाषेत सांगावं लागणार नव्हतं.

ती हलली नाही. मान थोडी पुढे गेली, इतकंच. स्वयंपाकघरात काहीतरी उतू गेल्याचा चर्र आवाज आला, तरी म्हातारी जागची हलली नाही. ती बायकोच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि त्याला वाटलं, आता ती वळेल. आता ती इथूनच ओरडेल. ओरडली तर बरं, असंही त्याला वाटलं.

बायकोनं हात वर केले आणि फोटोसमोर जोडले. मग शेजारच्या प्लास्टिकच्या फुलाची मान सरळ केली, आणि म्हातारी आत गेल्यावर टेबलाशी येऊन बसली.

पाण्याचा पेला तिनं एका दमात संपवला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"पहिल्या हिवाळ्यापासून."

"म्हणजे मी रोज फोनवर विचारायची, तेव्हा होतेच का मी तिथे?"

तो मेणकापडावरच्या लाल चौकोनाकडे बघत राहिला. "मी मुद्दाम नाही... तिचा समज झाला. भाषा येत नव्हती. मी सांगणार होतो."

"फोटो पण तिच्या समजानंच तिथे गेला?"

मग त्यानं खरं तेच सांगितलं, कारण दुसरं काही उरलं नव्हतं. "तिनं डोक्यावर हात ठेवला होता. मला बरं वाटलं."

तिनं मिठाची बाटली उचलली, उलटी केली, तांदळाचे दाणे इकडून तिकडे घरंगळू दिले आणि बाटली जागेवर ठेवली.

"मी काय करायची माहितीये?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, उलट खाली गेला होता. "तुम्ही दोन डाव म्हणालात ना, की त्या दिवशी मला झोप लागायची. एक म्हणालात की नाही लागायची." ती थांबली. "दोन वर्षं माझं तेरावं जेवलात तुम्ही. आणि मी आपली विचारतेय, पोटभर झालं ना?"

त्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. लहानपणी चोरी पकडली गेली तेव्हाही अशी लाज वाटली नव्हती. तेव्हा निदान पळायला अंगण होतं.

"मी सांगतो तिला," तो म्हणाला. "आत्ता सांगतो." आणि या वेळी गुडघे उठले.

"बसा."

"नाही, मी..."

"बसा म्हणते ना. काय सांगणार? की जिच्यासाठी ती रात्रंदिवस बल्ब जळता ठेवत होती, ती मजेत जिवंत होती? म्हातारं माणूस आहे ते. एकीला मारलंत तेवढं पुरे."

तो बसला. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी कुत्र्याला हाका मारत गेलं.

म्हातारी सूपचं भांडं घेऊन आली. भांडं टेबलावर ठेवून तिनं फळीवरचा तो छोटा फोटो उचलून आणला. तिनं तो बायकोपुढे धरला आणि त्याच्याकडे वळून भराभर बोलायला लागली.

"काय म्हणतेय?" बायकोनं विचारलं.

"म्हणतेय, तू रक्ताची. हा फोटो आता तुझ्याकडे हवा." तो फोटोकडे न बघता बोलत होता. "आणि विचारतेय, ती कशी होती."

बायकोनं फोटो हातात घेतला. चापून बसवलेले केस, उघडे कान. तिनं अंगठ्यानं त्यावरचा धुरकट थर पुसला.

"सांगा," ती म्हणाली. "ताई फार भाबडी होती."

त्यानं सांगितलं.

"सांगा, माणसावर विश्वास टाकला की टाकला. परत म्हणून बघायची नाही."

त्यानं तेही सांगितलं. नेहमी अडखळणारी ती भाषा आज त्याला एका शब्दासाठीही अडली नाही, याची त्याला वेगळीच लाज वाटली. म्हातारी मान हलवत होती, हो हो, चेहऱ्यावरून कळतंच की, असं काहीसं पुटपुटत होती.

"आणि सांगा, फोटो इथेच राहू दे." बायकोनं तो म्हातारीच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं मिटली. "इथे तिला कुणीतरी रोज बघतंय. माझ्याकडे येऊन ती काय करणार?"

हे सांगताना मात्र त्याचा आवाज फाटला. म्हातारीला त्याचा अर्थ तिच्या परीनं लागला. तिनं जवळ येऊन नेहमीसारखा त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात, जाड, गरम, लसणीचा. त्याला डोकं बाजूला घेता येईना आणि मान वर करता येईना. समोर बायको बसली होती आणि बघत होती, की हा तो हात.

मग म्हातारीनं दुसऱ्या हातानं डाव उचलला, त्याच्या वाडग्यात एकदा ओतला, आणि दुसऱ्यांदा भरला.

"द्या इकडे," बायको म्हणाली.

ती उठली. म्हातारीच्या हातातून डाव तिनं अदबीनं काढून घेतला. त्यातलं घट्ट, वाफाळतं सूप, वरपर्यंत आलेला घेवडा आणि गाजराचे तुकडे, एक थेंब मेणकापडावर न सांडता त्याच्या वाडग्यात ओतलं. म्हातारीनं समाधानानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि ती आत गेली.

बायकोनं डाव भांड्याच्या काठावर टेकवला, स्वतःचा वाडगा रिकामाच बाजूला सारला, आणि आग्रहाच्या पंगतीत वाढतात तशी थांबून राहिली.

"घ्या," ती म्हणाली. "अजून वाढू?"